क्लॉक्स_पर_सेकचा टाइप बदलला त्याची गोष्ट

आमच्या सी लायब्ररीत टाइम डॉट एच नावाची जी हेडर फाइल आहे, तिच्यात एक ओळ होती: #डिफाइन क्लॉक्स_पर_सेक १०००, म्हणजे घड्याळाचे सेकंदाला हजार टिक. गेल्या महिन्यात ती #डिफाइन क्लॉक्स_पर_सेक ((क्लॉक_टी) १०००) अशी झाली. आकडा तोच, हजार, फक्त त्याचा टाइप (म्हणजे तो आकडा किती बिटात आणि कसा ठेवायचा ते) बदलला, आणि एवढ्याशा बदलाला मला जवळपास तीन आठवडे लागले. असा कंसात टाइप लिहून आकड्याला तो टाइप देणं म्हणजे कास्ट; ऑफिसात दोघातिघांनी विचारलं की एका कास्टला तीन आठवडे कसे काय लागतात, तेव्हा टपरीवर चहा पिता पिता जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं, पण ते अर्धवटच राहिलं, म्हणून इथे नीट लिहिते.

आधी थोडं कामाबद्दल. आम्ही ठिबकचे कंट्रोलर बनवतो. पंपाशेजारी एक पेटी असते, त्यात तो बसतो, आणि कुठला व्हॉल्व्ह कधी उघडायचा, किती वेळ चालू ठेवायचा हे बघतो. आत सोळा बिटचा छोटा मायक्रोकंट्रोलर आहे कारण त्याला करंट फारच कमी लागतो, एवढंसं सोलर पॅनेल आणि बॅटरी यावर काम भागतं. त्याच्यासाठी सीची आमची स्वतःची छोटी लायब्ररी आहे, बऱ्याच वर्षांपूर्वी लिहिलेली, मग ज्याला जे लागलं ते तो घालत गेला. क्लॉक() त्यातच आहे. टायमरचा इंटरप्ट दर मिलिसेकंदाला येतो, एक आकडा एकने वाढतो, क्लॉक() तो आकडा परत देतं, बास. तो आकडा क्लॉक_टी या टाइपचा, आणि क्लॉक_टी म्हणजे आमच्याकडे अनसाइन्ड लाँग, ३२ बिटचा, कधीही उणे न होणारा पूर्णांक. इथपर्यंत सगळं बरोबर आहे.

आता बॅकवॉश. ज्यांच्याकडे ठिबक आहे त्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी: शेततळ्याच्या पाण्यात शेवाळ असतं, ते ड्रिपरमध्ये जाऊन अडकू नये म्हणून आधी सँड फिल्टर असतो, आणि तो फिल्टर स्वतःच तुंबतो म्हणून मधून मधून त्यातून पाणी उलटं सोडून घाण बाहेर काढावी लागते. यालाच बॅकवॉश म्हणतात. साधारण मिनिट-दोन मिनिटांचं काम. तेवढा वेळ बॅकवॉशचा व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि सगळं पाणी बाहेर जातं, मग व्हॉल्व्ह बंद व्हायलाच पाहिजे, नाहीतर पंप चालू आणि पाणी बागेला न जाता नुसतं वाहून जातं.

पुरंदर तालुक्यात एका अंजिराच्या बागेत आमचा कंट्रोलर नवीन बसवला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या काकांचा फोन आला. म्हणाले, "ताई, एक मिनिट लावला की पाणी थांबतच नाय. पहाटे लाईट आली तवापासून समदं पाणी ओढ्याला गेलं. अन् काल दीड मिनिट लावला होता तर लगेच बंद झाला." मला एक मिनिट काही समजेचना. कमी वेळ लावला तर बंदच होत नाही आणि जास्त वेळ लावला तर लवकर बंद होतो, हे कसं शक्य आहे? आमच्या टीममध्ये पहिला अंदाज व्हॉल्व्हवरच गेला, सोलेनॉइडमध्ये (व्हॉल्व्ह उघडबंद करणारा विजेवरचा भाग) कचरा अडकला असेल, कॉइल गरम होत असेल वगैरे. पण काकांनी जे सांगितलं ते त्यांनी दोन दिवस उभं राहून बघितलेलं होतं, आणि ते मला खोटं वाटत नव्हतं. उन्हाळ्याच्या तोंडाला शेततळ्यातलं एका सकाळचं पाणी जाणं म्हणजे काय असतं हे मला माहितीये, माझ्या मामाकडे पण बाग आहे.

दुसरा बोर्ड टेबलावर घेतला, व्हॉल्व्ह जोडला आणि सेटिंग बदलत बदलत मोबाईलच्या स्टॉपवॉचवर वेळ मोजत बसले. सोलेनॉइड उघडताना टक् वाजतं, बंद होताना टक् वाजतं. १० सेकंद लावले, दहा सेकंदांनी टक्. ३० लावले, तीस सेकंदांनी टक्. ४० लावले आणि वाट बघत बसले, मिनिट झालं, दोन मिनिटं झाली, काही नाही. ५०, तेच. ६०, तेच. मग ७० लावले तर साडेचार सेकंदांत टक्. ८० ला साडेचौदा. ९० ला साडेचोवीस. मध्येच ६६ लावून बघितले तर टक्-टक् असं लागोपाठच वाजलं, अर्धा सेकंदही झाला नसेल.

हे सगळं वहीत एकाखाली एक लिहिलं आणि वजाबाकी केली. ७० मधून साडेचार गेले, साडेपासष्ट. ८० मधून साडेचौदा गेले, साडेपासष्ट. ९० मधून साडेचोवीस, परत साडेपासष्ट. ६५.५ सेकंद, म्हणजे ६५,५०० मिलिसेकंद, आणि सोळा बिटमध्ये काम करणाऱ्या माणसाला ६५,५३६ हा आकडा झोपेतून उठवून विचारला तरी येतो, सोळा बिटमध्ये एवढेच वेगवेगळे आकडे मावतात. तिथेच डोक्यात प्रकाश पडला. व्हॉल्व्ह चांगला होता, कॉइल चांगली होती, आमचा गुणाकार कुठेतरी सोळा बिटात होत होता.

ती ओळ शोधायला मग पाच मिनिटंही लागली नाहीत: क्लॉक() - स्टार्ट >= सेकंद * क्लॉक्स_पर_सेक. वाचताना अगदी स्वच्छ ओळ आहे. कुणाही अनुभवी माणसाला दाखवली तरी तो म्हणेल ठीक आहे, कारण हीच पद्धत पुस्तकात शिकवतात, हजार असा नुसता आकडा न लिहिता कॉन्स्टंटचं नाव लिहिलंय, वजाबाकी करून तुलना केलीय त्यामुळे ३२ बिटचा आकडा ४९.७ दिवसांनी शून्यावर आला तरी बिघडत नाही. सगळं बरोबर. फक्त सेकंद हा सेटिंगमधून आलेला इंट (सीमधला साधा पूर्णांक, उणेही होऊ शकणारा), आणि १००० हा पण इंट, आणि या चिपवर इंट १६ बिटचा. इंट गुणिले इंट म्हणजे इंटच. ६० गुणिले १००० साठ हजार होतात, इंटमध्ये मावतात ३२,७६७ पर्यंतच. स्टँडर्डच्या, म्हणजे सी भाषेच्या अधिकृत नियमांच्या, भाषेत साइन्ड ओव्हरफ्लो झाला (उणे होऊ शकणाऱ्या टाइपमध्ये आकडा मावला नाही) की काहीही होऊ शकतं, आमच्याकडे प्रत्यक्षात वरचे बिट गळून उणे ५,५३६ उरत होते. मग ते उणे ५,५३६ डावीकडच्या अनसाइन्ड लाँगशी तुलना करायला म्हणून ३२ बिटात जातात आणि होतात ४,२९,४९,६१,७६०. म्हणजे व्हॉल्व्ह बंद व्हायला एकोणपन्नास दिवसांहून जास्त थांबायचं. आणि ९० सेकंदांचे नव्वद हजार वजा ६५,५३६ म्हणजे २४,४६४, साडेचोवीस सेकंद. काकांनी फोनवर जे सांगितलं होतं ते शब्द न् शब्द या गणितात बसत होतं.

मग टेस्टमध्ये का नाही सापडलं, हा पुढचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. एक तर टेबलावर टेस्ट करताना कोण दोन दोन मिनिटं थांबतो, सगळे दहा-वीस सेकंदच लावतात, आणि ३२ सेकंदांपर्यंत हा कोड एकदम बरोबर चालतो, तेहेतिसाव्या सेकंदापासून बिघडतो. दुसरं म्हणजे आमच्या युनिट टेस्ट चालतात लॅपटॉपवर, तिथे इंट ३२ बिटचा, साठ हजार आरामात मावतात. आणि कंपायलर, म्हणजे कोडचं चिपला कळणाऱ्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, बोलला का नाही? ६० * १००० असे दोन्ही आकडे कोडमध्येच लिहिलेले असते तर जीसीसी या कंपायलरने न विचारता वॉर्निंग दिली असती की ओव्हरफ्लो होतोय. पण सेकंद व्हेरिएबल होता, चालताना येणारा, त्यामुळे त्याला कळायचा मार्ग नाही. साइन्ड आणि अनसाइन्डची तुलना चाललीय ही वॉर्निंग मिळाली असती, पण ती डब्ल्यू-एक्स्ट्रा या जास्तीच्या वॉर्निंगच्या पर्यायात येते, आणि आमच्या जुन्या बिल्डमध्ये नुसतं डब्ल्यू-ऑल, म्हणजे नेहमीच्या वॉर्निंगचा पर्याय होता.

ज्यांनी आर्डुइनो उनो या छोट्या बोर्डवर, एक मिनिट थांबायला म्हणून, डिले(६० * १०००) लिहून बघितलंय त्यांना हे ओळखीचं वाटेल, तिथेही इंट सोळा बिटचाच आहे. गंमतीशीर वाटेल पण तिथे थेट ६०००० लिहिलं तर चालतं, कारण जो दशमान आकडा इंटमध्ये मावत नाही त्याला कंपायलर आपणहून लाँग करतो. १००० मात्र मावतो, म्हणून तो इंटच राहतो, आणि गुणाकाराचं उत्तर कितीही मोठं आलं तरी तेही इंटच राहतं.

त्याच दिवशी दुपारी ॲप्लिकेशनच्या कोडमध्ये सेकंदच्या आधी कास्ट घालून नवीन फर्मवेअर (कंट्रोलरच्या आत चालणारा प्रोग्राम) काकांकडे पाठवलं. ते करणं गरजेचंच होतं, पाणी थांबवायचं होतं. पण संध्याकाळी घरी जाताना बसमध्ये मला ते खटकत राहिलं. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला असं झालं होतं ते. ती ओळ लिहिणाऱ्याने काय चूक केली होती? त्याने लायब्ररीवर विश्वास ठेवला. लायब्ररीने त्याला सांगितलं होतं की हा घे सेकंदाला किती टिक पडतात तो आकडा, आणि त्याने तो घेतला.

घरी आल्यावर स्टँडर्ड उघडलं. सी मध्ये क्लॉक्स_पर_सेकबद्दल एकच वाक्य आहे, पण त्यात टाइप स्पष्ट दिलाय: ते क्लॉक_टी या टाइपचं एक्स्प्रेशन असलं पाहिजे. पोसिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिमच्या स्टँडर्डमध्येही तेच लिहिलंय. १९८९ च्या पहिल्या स्टँडर्डमध्ये हे नव्हतं, तेव्हा फक्त क्लॉक() जे देतं त्याचे सेकंदाला किती, एवढंच म्हटलं होतं, टाइपचं नाव नव्हतं. १९९९ च्या आवृत्तीत ते आलं. आमची लायब्ररी १९८९ च्या हिशोबाने बरोबर होती म्हणायची, आणि नंतरच्या प्रत्येक हिशोबाने चूक.

हे वाचताना मला कॉलेज आठवलं. महाराष्ट्रात माझ्या वयाच्या बहुतेकांनी सी शिकलं ते टर्बो सीच्या निळ्या स्क्रीनवर, आम्ही तर डॉसबॉक्समध्ये (नव्या कॉम्प्युटरवर जुनं डॉस चालवणारा प्रोग्राम) ती चालवायचो. व्हायव्हाला ठरलेला प्रश्न, इंट किती बाइटचा? दोन. रेंज किती? उणे ३२,७६८ ते ३२,७६७. हे पाठच होतं. आणि त्याच टर्बो सीमध्ये वेळ मोजायचा कॉन्स्टंट होता सीएलके_टीसीके, आणि त्याची किंमत होती १८.२. अपूर्णांक! म्हणजे टाइप डबल. कारण जुन्या पीसीमधली टायमर चिप सेकंदाला ११,९३,१८२ वेळा टिक करायची, ते ६५,५३६ ने भागून इंटरप्ट यायचा, भागाकार १८.२०६५. (परत तोच ६५,५३६.) टर्बो सीच्या हेल्पमधल्या उदाहरणात एंड वजा स्टार्ट, भागिले सीएलके_टीसीके, आणि प्रिंटएफला (छापणारं फंक्शन) परसेंट एफ, म्हणजे डबल छापायची खूण, असं होतं, आणि ते तिथे अगदी बरोबर चालायचं कारण डबलने भागलं की उत्तर डबलच येतं. तोच प्रोग्राम मुलं नाव बदलून लिनक्सवर जीसीसीत टाकायची आणि तिथे क्लॉक्स_पर_सेक पूर्णांक असल्यामुळे भागाकारही पूर्णांक, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या कामाला उत्तर शून्य, वर परसेंट एफला चुकीचा टाइप गेल्यामुळे स्क्रीनवर ०.०००००० नाहीतर भलताच काही आकडा. आम्ही सगळ्यांनी तेव्हा पाठ केलं होतं की लिनक्सवर डबल असा कास्ट लावायचा. का लावायचा ते मला खरं म्हणजे आत्ता, या अंजिराच्या बागेच्या निमित्ताने नीट कळलं. नाव वेगळं, किंमत वेगळी, पण फरक पडत होता तो टाइपने.

मोठ्या लायब्रऱ्यांमध्ये काय केलंय ते पण बघितलं. लिनक्सवर जी सगळीकडे असते त्या जीलिबसीमध्ये पूर्वी १०००००० च्या पुढे बारका एल असं होतं, म्हणजे लाँग. आता तिथे ((__क्लॉक_टी) १००००००) आहे. बहुतेक मशीनवर क्लॉक_टी लाँगच असल्याने दोन्हीत काहीच फरक नाही, पण एक्स३२ म्हणून एक प्रकार आहे, ६४ बिटचा प्रोसेसर पण पॉइंटर आणि लाँग ३२ बिटचे, आणि तिथे क्लॉक_टी मात्र ६४ बिटची. एल लावलेला दहा लाख तिथे स्टँडर्डमध्ये बसत नाही. मसल नावाची जी दुसरी छोटी लायब्ररी आहे त्यात अजूनही १००००००एल असंच आहे, आणि ते बरोबरच आहे, कारण त्यांच्याकडे क्लॉक_टी म्हणजे लाँग. दहा लाख का, तर पोसिक्सच्या एक्सएसआय भागात ते ठरवूनच दिलंय, मशीन काहीही असो. त्याची वेगळीच किंमत ३२ बिटच्या मशीनवर मोजावी लागते, मायक्रोसेकंदात मोजलं की साइन्ड लाँग पस्तीस-छत्तीस मिनिटांच्या सीपीयू वेळातच उणे होतो आणि ७१-७२ मिनिटांत एक फेरी पूर्ण होते. आमचा हजारचा आकडा त्या मानाने बरा.

तर आता ओळ बदलायची हे ठरलं. दुसऱ्या दिवशी मी बदलली, बिल्ड लावला, आणि पहिल्याच मिनिटाला एरर: मिसिंग बायनरी ऑपरेटर बिफोर टोकन १०००. हे वाचून कुणालाच काही कळणार नाही असा हा मेसेज आहे, म्हणून समजावून सांगते. दोन फाइलींमध्ये कुणीतरी #इफ क्लॉक्स_पर_सेक > १०० असं लिहिलं होतं. #इफ सोडवतो प्रीप्रोसेसर, म्हणजे खऱ्या कंपाइलच्या आधी कोडच्या मजकुरावर चालणारा टप्पा, आणि प्रीप्रोसेसरला टाइप म्हणजे काय हे माहितीच नसतं. जे नाव त्याला ओळखीचं नाही त्याच्या जागी तो शून्य टाकतो. म्हणजे ((क्लॉक_टी) १०००) हे त्याच्यासाठी झालं ((०) १०००), आणि शून्य आणि हजार यांच्यामध्ये अधिक, वजा काहीच नाही म्हणून तो अडतो.

इथे आमच्या सरांचं म्हणणं पडलं की मग १०००यूएल लिही, टाइप पण अनसाइन्ड लाँग होतो आणि #इफ पण चालतं, दोन्ही कामं झाली. खरं सांगायचं तर हा पर्याय चुकीचा नव्हता, मसलने तेच केलंय. यावर आमची दोन दिवस चर्चा चालली. माझं म्हणणं असं होतं की हेडरमध्ये वर क्लॉक_टीची टाइपडेफ (हे नाव म्हणजे कुठला टाइप ते सांगणारी ओळ) आहे आणि खाली हा कॉन्स्टंट, उद्या कुणी क्लॉक_टी ६४ बिटची केली (तशी मागणी आहेच) तर तो वरची ओळ बदलेल, खालचा यूएल तसाच राहील, सगळं कंपाइल होईल, आणि परत कुणाच्या तरी शेतात कळेल. कास्ट लिहिला की दोघांची गाठ बांधलेली राहते. #इफमध्ये चाललं पाहिजे अशी अट स्टँडर्डने या कॉन्स्टंटवर घातलेलीच नाही. साइझ_मॅक्स, इंट_मॅक्स अशांवर घातलीय, तिथे कास्ट लिहिला तर तीच चूक ठरते. म्हणजे एकाच लायब्ररीत एका कॉन्स्टंटला कास्ट पाहिजे आणि दुसऱ्याला चालत नाही, आणि हे प्रत्येकाचं वाक्य वाचूनच कळतं, अंदाजाने नाही. सरांनी ऐकून घेतलं, म्हणाले, "ठीक आहे, कास्ट ठेव, पण मग ते #इफ तुझ्या जबाबदारीवर." ते मी काढून साध्या इफमध्ये नेले, कंपायलर तसंही नको तो भाग टाकून देतो.

बिल्ड झाला. आणि इथून पुढचे दोन आठवडे लागले ते या भीतीने, की चुकीच्या टाइपवर अवलंबून राहून बरोबर चाललेला कोड कुठे कुठे आहे. कारण तो असणारच. एवढी वर्षं हजार हा इंट होता, लोकांनी त्याच्या भोवती कोड लिहिलाय.

नुसतं शोधून चाळीसेक ठिकाणं निघाली. प्रत्येक ओळ डोळ्यांनी वाचायला सुरुवात केली पण दहाव्या ओळीनंतर लक्ष टिकत नाही, सगळ्या ओळी सारख्याच दिसायला लागतात. मग वेगळं केलं: जुन्या हेडरने एक बिल्ड, नव्या हेडरने दुसरा, आणि दोन्हीची असेंब्ली (कंपायलरने चिपसाठी बनवलेल्या सूचना) फंक्शन-फंक्शन लावून फरक बघितला. ज्या फंक्शनची असेंब्ली जशीच्या तशी राहिली तिथे बघायची गरजच नाही. जिथे सोळा बिटच्या गुणाकाराच्या जागी बत्तीस बिटचा आला, तिथे थांबायचं. चाळीसचे अकरा उरले. त्या अकरामध्ये तीन ठिकाणी काकांचाच बग वेगळ्या रूपात होता, अजून कुणाच्या अंगावर आला नव्हता एवढंच, ते आपोआप दुरुस्त झाले.

पण एक निघालं त्याने मला त्या रात्री झोप लागली नाही. बोर्डवर आरटीसी चिप असते, खरी घड्याळाची वेळ ठेवणारी. आमचा कोड टायमर आणि आरटीसी यांच्यातला फरक मिलिसेकंदात काढून एका इंटमध्ये ठेवतो, मग क्लॉक्स_पर_सेकने भागून सेकंद करतो, आणि तेवढे सेकंद घड्याळ मागे-पुढे करतो. फरक उणे असू शकतो. उणे २००० भागिले १०००, उणे २, घड्याळ दोन सेकंद मागे घ्या. जुन्या हेडरने हे बरोबर चालत होतं. नव्या हेडरने भाजक झाला अनसाइन्ड लाँग, त्यामुळे उणे २००० पण भागाकाराच्या आधीच अनसाइन्ड होतो, ४,२९,४९,६५,२९६ होतो, भागिले हजार ४२,९४,९६५, आणि ते परत इंटमध्ये ठेवलं की वरचे बिट गळून उरतात उणे ३०,४११. दोन सेकंदांच्या ऐवजी जवळपास साडेआठ तास घड्याळ मागे. म्हणजे पहाटेचं पाणी दुपारच्या उन्हात सुटलं असतं, किंवा थ्री फेज लाईट नसताना व्हॉल्व्ह उघडून बसला असता. मी एक बरोबर गोष्ट करत होते आणि तिच्यातून हे बाहेर जाणार होतं.

तिथे भागाकाराच्या आधी (लाँग) असा साइन्ड कास्ट क्लॉक्स_पर_सेकवर घातला आणि वर कॉमेंट लिहिली. मग सगळ्या प्रोजेक्टवर साइन कन्व्हर्जनची वॉर्निंग चालू केली, ती डब्ल्यू-एक्स्ट्रामध्येही येत नाही, वेगळी सांगावी लागते. शेकड्यांनी वॉर्निंग आल्या, सगळ्या आत्ता निस्तरता येणार नव्हत्या, पण क्लॉक्स_पर_सेक असलेल्या ओळींपुरत्या चाळल्या आणि असाच अजून एक निघाला.

शेवटचं सापडलं ते लॉगमध्ये. लॉगचं आमचं स्वतःचं फंक्शन आहे, प्रिंटएफसारखं, दोन परसेंट डी (इंट छापायची खूण) असलेली ओळ, पहिल्यात क्लॉक्स_पर_सेक आणि दुसऱ्यात व्हॉल्व्हचा नंबर. आता पहिला चार बाइटचा जातो, परसेंट डी दोनच बाइट घेतो, मग दुसरा परसेंट डी हजारचे वरचे दोन बाइट उचलतो, आणि व्हॉल्व्ह कुठलाही असो लॉगमध्ये शून्य येतं. नेहमीच्या प्रिंटएफला कंपायलर अशी चूक दाखवतो, आमच्या फंक्शनला दाखवत नव्हता कारण त्याच्यावर फॉरमॅटचा ॲट्रिब्यूट (हे फंक्शनही प्रिंटएफसारखं तपास असं कंपायलरला सांगणारी खूण) लावलेलाच नव्हता. तो लावला. त्याने अजून सात-आठ जुन्या चुका दाखवल्या ज्यांचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता.

आणि एक टेस्ट लिहिली जी चालवावीच लागत नाही, कंपाइल करतानाच होते. सी११ मध्ये जेनेरिक आलंय, त्याने एखाद्या एक्स्प्रेशनचा टाइप विचारता येतो. क्लॉक्स_पर_सेकचा टाइप क्लॉक_टी असेल तर १, नसेल तर ०, आणि त्याच्यावर स्टॅटिक असर्ट, म्हणजे शून्य आलं तर कंपाइलच थांबवणारी अट. पुढे कुणी तो कास्ट काढला तर बिल्डच होणार नाही. या दोन ओळींचं मला सगळ्यात जास्त समाधान आहे. शिवाय टेस्टचा एक संच आता सोळा बिटच्या सिम्युलेटरवर रोज रात्री चालतो, त्यात ३२, ३३, ६५, ६६, ९० आणि १२० सेकंद असे आकडे मुद्दाम ठेवलेत.

सगळं झाल्यावर फर्मवेअर घालायला मी स्वतः सासवडला गेले, खरं तर ऑनलाइन पण पाठवता आलं असतं. काका पंपाशेजारी उभे होते, हातात डायरी, त्यात त्यांनी रोजची सेटिंग आणि रोज काय झालं ते लिहून ठेवलं होतं, पेनाने, तारखेसह. मी माझी वही काढून त्यांना दाखवली, ९० ला साडेचोवीस. त्यांच्या डायरीत होतं, "दीड मि. — २५ पर्यंत मोजलं, बंद." आम्ही दोघांनी दोन वेगळ्या ठिकाणी तेच मोजलं होतं.

फर्मवेअर गेलं, कंट्रोलर परत चालू झाला, मी सेटिंग ९० ठेवली. व्हॉल्व्ह उघडला, सँड फिल्टरमधून आधी हिरवट काळं पाणी आलं, मग मळकट, मग स्वच्छ. काका मोठ्याने आकडे मोजत होते, मी मोबाईलकडे बघत होते. एकोणनव्वदला ते थांबले. टक्. "आता एक मिनिट लावा," म्हणाले, आणि डायरीत नवीन ओळ आखायला घेतली.